इस्लामचा अभ्यास बाहेरून करताना : प्रश्नापासून टिपणापर्यंत

कोळंबी खाणे इस्लामला मान्य आहे का? रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरचा कोकणी मुसलमान सरळ ‘हो’ म्हणेल, कारण तो शाफई मताचा आहे (शाफई आणि हनफी या सुन्नी धर्मशास्त्राच्या शाखा) आणि शाफई फिकहमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, समुद्रातले जवळजवळ सगळेच जीव खाण्यास योग्य ठरतात. घाटावरचा मुसलमान बहुधा हनफी असतो. हनफी मत पाण्यातल्या जीवांपैकी फक्त मासा मान्य करते आणि कोळंबीला मासा म्हणायचे की नाही यावर हनफी उलेमांमध्येच दोन तट आहेत. कुराणात पाचव्या सूरेची ९६वी आयत समुद्रातली शिकार हलाल ठरवते. ती आयत दोन्ही बाजूंना पाठ आहे, तरी उत्तरे वेगळी.

म्हणून ‘इस्लाम याबद्दल काय सांगतो?’ या प्रश्नाने अभ्यास सुरू करू नका. त्या प्रश्नात बोलणारा माणूसच नाही. कागदावर प्रश्न असा लिहा : हे कोणी म्हटले, कधी, कुठे, कशाच्या आधारे आणि कोणासाठी? पुढची प्रत्येक पायरी या पाच तुकड्यांची उत्तरे मिळवण्यासाठी आहे. एखाद्या तुकड्याचे उत्तर मिळत नसेल, तर ते विधान आपल्या लेखात ‘इस्लामचे मत’ म्हणून येता कामा नये.

स्वतःची जागा ठरवा

मुसलमान नसलेल्या अभ्यासकाला वहीचे पहिले पान स्वतःसाठी खर्च करावे लागते. इस्लामविषयी आपण आधीपासून काय मानतो, ते कुठून आले (शाळेतला इतिहास, घर, बातम्या, मुसलमान मित्र) आणि या अभ्यासातून काय सिद्ध व्हावे असे मनातून वाटते, हे पंधरा-वीस ओळींत लिहा. दर तीन महिन्यांनी ते पान पुन्हा वाचा.

मराठी वाचकाच्या वाटेत दोन खड्डे आहेत. पहिला खंडनाचा : निष्कर्ष आधी ठरवून त्याला पुरावे गोळा करायचे. हा सगळ्यांना दिसतो. दुसरा गुणगानाचा, आणि तो चांगल्या माणसांनाही दिसत नाही. सर्वधर्मसमभाव हे नागरिकाचे मोलाचे मूल्य आहे, पण ती संशोधनाची पद्धत नव्हे. विनोबांनी अरबी शिकून कुराणातले वेचे निवडले आणि ‘कुराण-सार’ सिद्ध केले. ते काम श्रद्धेने केलेल्या निवडीचे आहे आणि तसेच वाचावे. निवड करताना काय वगळले गेले हे पाहणे अभ्यासकाचे काम.

कुराण ईश्वराकडून आले की नाही, हा निवाडा अभ्यासकाने द्यायचा नसतो. ‘मुस्लिम परंपरेनुसार’ हे एकदा सुरुवातीला स्पष्ट करा. दर वाक्याला ते जोडले की लेखनाला संशयाचा वास येतो. ‘मुहंमद पैगंबर म्हणाले’ असे आदरार्थी रूप मराठीच्या स्वभावातच आहे, ते ठेवा. नावापुढचे दुरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना) आपण लिहिणे अपेक्षित नाही. मात्र मूळ उताऱ्यात असेल तर गाळू नका.

भाषा : येथे घाई केली की पुढे सगळे ढासळते

आधी कोणती भाषा, हे विषयावरून ठरवा. कुराण, हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींचे वृत्तांत), फिकह : अरबी. आदिलशाही-निजामशाही दरबार, सूफींची मलफूजात (त्यांच्या बोलण्याच्या नोंदी) : फारसी. एकोणिसाव्या शतकापासूनच्या भारतीय चळवळी, देवबंद, बरेली : उर्दू. दखनी काव्य वेगळेच. सगळ्या एकदम हाती घेणारा माणूस सहा महिन्यांत थकतो.

मराठी माणसाला सोयीचा क्रम उर्दू, मग फारसी किंवा अरबी, असा आहे. हिंदी येत असल्याने उर्दूचे व्याकरण जवळपास आयते मिळते आणि लिपी हाताखालून जाते. अरबीची २८ अक्षरे आहेत आणि त्यांतली सहा पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. हे नियम दोन आठवड्यांत बसतात. पण उर्दूची नस्तालीक वळणाची लिपी आणि अरबी छापाची नस्ख यांत डोळा अडखळतो, तेव्हा नस्खचे वाचन वेगळे करा. वेळेचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेचा हिशेब पाहा : इंग्रजी भाषकाला उर्दूसाठी सुमारे १,१०० तास, अरबीसाठी सुमारे २,२००. तो हिशेब बोलण्यासकट आहे. कोश हाती घेऊन जुना मजकूर वाचता यावा एवढेच ध्येय असेल, तर रोज दीड तास आणि दोन वर्षे धरून चला.

अरबी शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो आणि कोशही धातूप्रमाणेच लावलेले असतात. ‘मस्जिद’ शोधायचा तर ‘म’खाली नव्हे, स-ज-दखाली. क-त-बवरून किताब, कातिब, मकतब. हान्स वेर यांचा कोश आधुनिक लेखी अरबीचा आहे. सातव्या शतकातल्या मजकुरावर त्याचे अर्थ लादू नका. जुन्या भाषेसाठी लेन यांचा कोश फार चांगला, पण १८७६मध्ये ते वारले आणि ‘काफ’ (क़) अक्षरापासून पुढचा भाग त्यांच्या टिपणांवरून छापला गेला, म्हणून तुटक आहे. शेवटच्या अक्षरांसाठी ‘लिसानुल अरब’ हा जुना अरबी कोश उघडावाच लागतो.

आता मराठीमुळे होणारी फसगत. आपल्या भाषेत अरबी-फारसी शब्द इतके मुरले आहेत की ते ओळखीचे वाटतात, आणि तिथेच चूक होते. ‘अवलिया’ आपल्याकडे एकटा मनस्वी माणूस. अरबीत ते ‘वली’चे (संत, ईश्वराचा मित्र) अनेकवचन आहे. ‘तालीम’ म्हणजे आपला कुस्तीचा आखाडा. मूळ अर्थ शिक्षण. ‘फतवा’ मराठी वर्तमानपत्रात हुकूम या अर्थाने येतो. फिकहमध्ये फतवा म्हणजे कोणी विचारलेल्या प्रश्नाला मुफ्तीने दिलेले मत. तो निवाडा नसतो, बंधनकारक निवाडा काजी देतो. फतव्याचा उपयोग पुरावा म्हणून करताना त्याच्यावरचा प्रश्नही उद्धृत करा. प्रश्न गाळला की उत्तराचा अर्थ बदलतो.

‘काफर’ हा शब्द सगळ्यांत जास्त नडतो. क-फ-र धातूचा मूळ अर्थ झाकणे. कुराणात या धातूची रूपे पाचशेहून अधिक वेळा येतात. बऱ्याच जागी त्याच्या विरोधात ‘शुक्र’ म्हणजे कृतज्ञता उभी असते, तिथे अर्थ ‘उपकार झाकणारा, कृतघ्न’ असा होतो. अनेक जागी ‘ईमान’ समोर असते आणि अर्थ श्रद्धा नाकारणारा असा होतो. ५७व्या सूरेच्या २०व्या आयतीत तर ‘कुफ्फार’ म्हणजे बी मातीत झाकणारे शेतकरी, असे बहुतेक भाष्यकार सांगतात. जपानचे तोशिहिको इझुत्सु मुसलमान नव्हते. त्यांनी अशाच रीतीने शब्दांची जाळी उलगडून कुराणाच्या अभ्यासाला नवी दिशा दिली. तुम्हीही एक शब्द घ्या, त्याच्या सगळ्या जागा काढा आणि प्रत्येक जागी विरोधी शब्द कोणता आहे त्याचा तक्ता करा. लीड्स विद्यापीठाचा कुराणाच्या शब्दांचा संग्रह-प्रकल्प (क्वुरानिक अरेबिक कॉर्पस) संगणकावर खुला आहे, त्यावर धातूनुसार सगळ्या जागा मिळतात.

देवनागरीत टिपणे काढताना एक शिस्त हवी. अरबीत ‘स’ तीन, ‘ज़’ चार, ‘ह’ दोन, ‘त’ दोन. मराठीत आपण नुक्ताही देत नाही, त्यामुळे हृदय या अर्थाचा ‘क़ल्ब’ आणि कुत्रा या अर्थाचा ‘कल्ब’ एकच होऊन बसतात. छापताना मराठी वळण ठेवा, पण वहीत प्रत्येक पारिभाषिक शब्द एकदा मूळ लिपीत लिहून ठेवा. नावेही तोडू नका : अब्दुर्रहमान हे एक नाव आहे, त्याचे ‘रहमान’ करणे म्हणजे ‘दास’ काढून ईश्वराचे नाव माणसाला लावणे.

कुराण कोणत्या क्रमाने वाचावे

११४ सूरा, प्रचलित कूफी मोजणीनुसार ६,२३६ आयती. रचना कालक्रमाने नाही; साधारणपणे मोठ्या सूरा आधी, लहान शेवटी. पहिल्या पानापासून वाचायला घेणारा २८६ आयतींच्या ‘बकरा’ या सूरेत अडकतो, कारण ती मदिनेतली आहे, कायद्याने भरलेली आहे आणि आधीचे बरेच काही ठाऊक आहे असे धरून चालते.

त्याऐवजी बारावी सूरा ‘यूसुफ’ आधी घ्या. तिच्या १११ आयतींत एकच सलग कथा आहे. मग शेवटच्या छोट्या मक्की (मक्केतल्या) सूरा : ९६, ९३, ८१, ११२. नंतर १९वी ‘मरियम’. मग ‘बकरा’, चौथी आणि नववी. या पहिल्या फेरीत वादाच्या आयती शोधत बसू नका. लहान सूरा मोठ्याने म्हटलेल्या ऐका. त्यांची यमके आणि लय कानाशिवाय कळत नाहीत.

अनुवाद किमान तीन शेजारी ठेवा. इंग्रजीतल्या दोन गाजलेल्या अनुवादकांचा मुंबईशी संबंध आहे : अब्दुल्ला यूसुफ अली यांचा जन्म १८७२मध्ये मुंबईत झाला, आणि इस्लाम स्वीकारलेले इंग्रज लेखक पिक्थॉल ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते, पुढे निजामाच्या नोकरीत गेले. यूसुफ अलींच्या टिपांत नंतरच्या आवृत्त्यांनी फेरफार केले आहेत, म्हणून आवृत्ती नोंदवल्याशिवाय टीप उद्धृत करू नका. तिन्ही अनुवाद जिथे वेगळे होतात तिथे खूण करा. मूळ अरबी तिथेच कठीण असते.

क्रमांकाचा सापळाही ओळखा. आज सर्वत्र १९२४च्या कैरो आवृत्तीची मोजणी चालते. त्याआधीचे युरोपीय अभ्यासक फ्ल्यूगेल यांची १८३४ची मोजणी वापरत, ती काही आयतींनी पुढेमागे आहे. जुन्या ग्रंथातला संदर्भ जुळत नसेल तर लेखकाला खोटे ठरवण्याआधी पाच-सहा आयती मागेपुढे पाहा.

एक आयत, मुळापासून

दुसऱ्या सूरेची २५६वी आयत भाषणांत सारखी येते : ‘धर्मात जबरदस्ती नाही.’ तिच्यावर पद्धत वापरून पाहू.

आधी मागच्या-पुढच्या पाच आयती वाचा. २५५वी प्रसिद्ध ‘आयतुल कुर्सी’ आहे, २५७वी ईश्वर श्रद्धावंतांचा पाठीराखा असल्याचे सांगते. म्हणजे वाक्य कायद्याच्या कलमांच्या मध्ये नाही, ईश्वराच्या थोरवीच्या वर्णनात बसले आहे. (हीच सवय नवव्या सूरेच्या पाचव्या आयतीला लावा. ती लढण्याची आज्ञा म्हणून एकटीच उद्धृत होते. चौथीत करार पाळणाऱ्यांचा अपवाद आहे आणि सहावीत आश्रय मागणाऱ्या अनेकेश्वरवाद्याला सुरक्षित जागी पोचवण्याची आज्ञा.)

मग व्याकरण. ‘ला इक्राह’ हे विधान की मनाई? जबरदस्तीने श्रद्धा निर्माण होतच नाही, असे सांगणे आहे, की जबरदस्ती करू नका अशी आज्ञा? भाष्यकारांनी दोन्ही शक्यता मांडल्या आहेत आणि अर्थात मोठा फरक पडतो.

तिसरी गोष्ट, प्रसंग. इसवी सन ९२३मध्ये वारलेल्या तबरींनी आपल्या तफसीरमध्ये, म्हणजे कुराणभाष्यात, अनेक वृत्तांत एकत्र दिले आहेत. एकात मदिनेतल्या अन्सार (पुढे पैगंबरांना साथ देणाऱ्या मदिनेकरांच्या) स्त्रिया मूल जगावे म्हणून नवस बोलत की जगले तर त्याला यहुदी करू. बनू नझीर या यहुदी टोळीला मदिना सोडावी लागली तेव्हा अशी मुले तिच्यात होती आणि आईबापांना ती मागे ठेवून घ्यायची होती. हाच वृत्तांत अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातही आहे. दुसऱ्यात एका अन्सार बापाचे दोन ख्रिस्ती मुलगे आहेत. आणखी काहींच्या मते ही आयत पुढे लढाईच्या आयतींनी रद्द, म्हणजे ‘मन्सूख’ झाली. तबरी स्वतः ती रद्द मानत नाहीत. जिझिया स्वीकारला जातो अशा समूहांपुरती ती लागू आहे, असे ते म्हणतात.

चौथी, नंतरचा प्रवास. आधुनिक काळात अनेक मुस्लिम विचारवंतांनी ती धर्मस्वातंत्र्याचे सर्वसाधारण तत्त्व म्हणून वाचली. हे वाचन तबरींपेक्षा व्यापक आहे, म्हणून ‘खोटे’ ठरत नाही. ते वेगळ्या काळातले आहे. उलट बाजूने, रद्दबातलाचे मत दाखवून ‘खरा इस्लाम हाच’ म्हणणाराही तीच चूक करतो. तुमच्या टिपणात चारही थर तारखांसह यावेत. शिवाय एक खबरदारी : प्रसंग सांगणारे वृत्तांत घटनेनंतर बऱ्याच पिढ्यांनी ग्रंथात आले, म्हणून ते आठव्या-नवव्या शतकातले लोक आयत कशी समजत होते याचा पक्का पुरावा आहेत, सातव्या शतकाचा पुरावा म्हणून त्यांना आणखी तपासणी लागते.

हदीस

हदीसचे दोन भाग : ‘इस्नाद’ म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, आणि ‘मत्न’ म्हणजे मजकूर. फक्त मत्न वाचणे म्हणजे पाकिटावरचा पत्ता न पाहता पत्र वाचणे. सुन्नी परंपरेत सहा संग्रह प्रमुख : बुखारी, मुस्लिम, अबू दाऊद, तिर्मिझी, नसाई, इब्न माजा. शिया परंपरेत कुलैनी यांचा ‘अल-काफी’ पहिला उघडावा. क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून ‘बुखारी, अमुक क्रमांक’ एवढे पुरत नाही. किताब (विभाग), बाब (प्रकरण) आणि आवृत्ती तिन्ही द्या.

लोकप्रिय वचनांबाबत जास्त सावध राहा. ‘ज्ञान मिळवा, मग ते चीनमध्ये का असेना’ आणि ‘देशप्रेम हा ईमानचा भाग आहे’ ही दोन्ही वचने आपल्याकडच्या सभांत हमखास ऐकू येतात. हदीसतज्ज्ञांनी पहिले दुर्बळ किंवा बनावट आणि दुसरे निराधार ठरवले आहे. ती ‘पैगंबरांनी म्हटले’ म्हणून लिहू नका. मात्र भारतात कोणी, कोणत्या चळवळीत ती वापरली, हा स्वतंत्र आणि फार चांगला विषय आहे.

मराठी कागदांतला सन

दख्खनवर काम करणाऱ्यांची इथे मोठी चूक होते. हिजरी वर्ष चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. ढोबळ सूत्र : हिजरी वर्षाला ०.९७ने गुणा आणि ६२२ मिळवा. दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून रात्रीच्या घटनेत एका दिवसाचा फरक धरा.

पण मराठी कागदांत अरबी अंकशब्दांत लिहिलेला सन बहुधा हिजरी नसतो, शुहूर असतो. तो सौर आहे आणि मृग नक्षत्राला बदलतो. ‘सलास सबैन व अलफ’ म्हणजे ३ + ७० + १००० = १०७३. शुहूर असेल तर जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढे ६०० मिळवा : १६७२-७३. तोच आकडा हिजरी समजलात तर ऑगस्ट १६६२पासूनचे वर्ष येते. दहा वर्षांची चूक! कागदात अरबी महिन्याचा चंद्र (म्हणजे त्या महिन्याची तारीख) दिला असेल तर दोन्ही पद्धतींनी तारीख काढून कोणती मजकुराशी जुळते ते पाहा.

आधीच्या अभ्यासकांना कसे वाचावे

प्रत्येक संशोधकाला त्याच्या वर्षासकट वाचा. हंगेरीचे यहुदी विद्वान गोल्डत्सिहर (१८५०–१९२१) कैरोच्या अल-अझहरमध्ये शिकले आणि हदीस हे नंतरच्या पिढ्यांच्या वादांचे आरसे आहेत असे त्यांनी दाखवले. शाख्त यांनी १९५०मध्ये साखळ्या काळात मागे मागे वाढत जातात, असे मांडले. १९७७मध्ये वान्सब्रो यांनी, आणि क्रोन व कुक यांनी, पारंपरिक इतिहासच बाजूला ठेवला. पुढे मोट्स्की यांनी साखळी आणि मजकूर एकत्र तपासून काही वृत्तांत बरेच जुने असल्याचे दाखवले. फक्त १९७७पर्यंत वाचून थांबणारा अभ्यासक आज अर्धवट ठरतो.

बर्मिंगहॅमच्या कुराण-पानांच्या कातड्याची कार्बन चाचणी ५६८ ते ६४५ हा काळ देते, ९५.४ टक्के खात्रीने. हा काळ कातड्याचा आहे, शाईचा नाही. तरी संहिता फार उशिरा तयार झाली असे म्हणणाऱ्यांना या पानांचे उत्तर द्यावे लागते.

महाराष्ट्रात सेतुमाधवराव पगडींनी फारसी-उर्दू साधने मराठीत आणली आणि रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींचा शोध घेतला. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा अभ्यास करायचा असेल तर सूफी परिभाषा आणि नाथ-वारकरी परिभाषा दोन्ही हव्यात; एकच येत असेल तर अर्धा ‘योगसंग्राम’ निसटतो. ‘सूफी चांगले, मौलवी कर्मठ’ ही विभागणी मात्र टाकून द्या. माहीमचे मखदूम फकीह अली (मृत्यू १४३१) शाफई फकीहही (फिकहचे जाणकार) होते, इब्न अरबींच्या विचारांचे सूफीही, आणि कुराणाचे अरबी भाष्यकारही. आज त्यांच्या दर्ग्यात येणाऱ्या बहुतेकांना ते भाष्य ठाऊक नाही, आणि भाष्य वाचणारे दर्ग्यात गेलेले नसतात.

माणसांत जाताना

मशिदीत जायचे असेल तर आधी इमामसाहेबांना किंवा विश्वस्तांना भेटा. शुक्रवारची दुपार टाळा. रमजानमध्ये मुलाखत हवी तर सकाळी, कारण इफ्तारनंतर तरावीहची नमाज असते. अरबी मुसहफला (कुराणाच्या प्रतीला) हात लावण्यापूर्वी विचारा. बहुसंख्य फकीहांच्या मते त्यासाठी वुजू (नमाजेआधी करतात तसे हातपाय-तोंड धुणे) लागतो. तुमच्या स्वतःच्या प्रतीबाबतही ती जमिनीवर ठेवणे, वर चहाचा कप ठेवणे यजमानांना दुखावते.

‘तुम्ही कट्टर आहात का’ अशा जातीचे प्रश्न काहीच देत नाहीत. ‘अस्रची नमाज किती वाजता पढता?’ असे विचारा. वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी लांबली की शाफई अस्र (तिसऱ्या प्रहरची नमाज) सुरू होते. हनफी मतात ती दुप्पट व्हावी लागते. एका साध्या वेळेच्या उत्तरातून मजहब (फिकहची शाखा), घराण्याचे मूळ, शेजारच्या मशिदीशी नाते असे बरेच उलगडते. मुजावर, मुलाणी, मौलाना, मुफ्ती यांचे अधिकार वेगळे आहेत, म्हणून टिपणात बोलणाऱ्याचे स्थान लिहा. स्त्रियांशी बोलल्याशिवाय घरातल्या धर्माविषयी काहीही लिहू नका. फातिहा, नवस, मोहरमचे खिचडे यांची माहिती त्यांच्याकडे असते आणि पुरुष ती ‘रिवाज’ म्हणून उडवून लावतात.

ध्वनिमुद्रणाची संमती आधी घ्या. टिपण त्याच रात्री लिहून काढा : तारीख, जागा, बोललेली भाषा, बोलणाऱ्याचा शब्द जसाच्या तसा आणि त्याखाली वेगळ्या रंगात तुमचा अर्थ. आठवड्याभरात ते टिपण घेऊन त्याच माणसाकडे परत जा आणि वाचून दाखवा. तो ज्या ओळीला थांबवील, तिथे त्याची दुरुस्ती शेजारी लिहा. तुमची मूळ ओळ खोडू नका.